मोडक्या गाडीचें एंजिन

जुन्या पैठणीचा कांठ नातीच्या परकराला लागतो, पडक्या वाड्याची सागवानी तुळई नव्या पडवीच्या माथ्यावर चढते, आणि मोडक्या पाटाची फळी देवघरांतील चौरंगाच्या कामीं येते. मोडलेल्यांतून जिवंत तेवढें काढून घ्यावें व ज्यास त्याची उणीव आहे त्यास द्यावें, ही आपल्या गृहस्थाश्रमाची जुनी शहाणीव आहे. यंत्रांच्या बाबतींत ही शहाणीव कोठपर्यंत चालते, आणि कोठें तिनें थांबावें, असा प्रश्न या महिन्यांत आमच्यापुढें आला. प्रश्न एका घराचा आहे. परंतु मोटार आतां घरोघरीं आल्यामुळें तो उद्यां कोणाच्याहि ओसरीवर येऊन बसेल, म्हणून त्यास या सदरांत जागा देत आहों.

पारनेर तालुक्यांत, राळेगणसिद्धीच्या वाटेवर, एक मोठें एकत्र कुटुंब राहतें. घरांतील कर्ते पुरुष दोन वर्षांपूर्वीं वारले. त्यांची जीपगाडी गोठ्याशेजारीं उभी आहे. याच गाडीनें सुना माहेराहून आल्या, बाळंतिणी दवाखान्यांत पोंचल्या आणि शेवटीं मालकहि तिच्यांतूनच इस्पितळांत गेले. आतां तिचें एंजिन बसलें आहे. थोरले चिरंजीव म्हणतात, भंगारांत द्या आणि जागा मोकळी करा. पुण्यास यंत्रविद्येची पदविका घेणारा नातू म्हणतो, मुळींच नाहीं. अपघातांत चिरडलेली एक परदेशी स्पोर्ट्स मोटार लिलावांतून एका भंगारवाल्याकडे आली आहे. ठोकर मागून बसल्यामुळें तिचें पुढचें एंजिन शाबूत आहे. तें घेऊन जीपेंत बसवूं, म्हणजे आजोबांची गाडी वाऱ्यासारखी धांवेल. त्याच्या आईनें हें ऐकलें मात्र, आणि ती निक्षून म्हणाली, "ज्या गाडींत कोणाचा तरी मुलगा गेला, तिचें काळीज माझ्या अंगणांत नको." तेव्हांपासून बापलेकांत बोलणें नाहीं आणि मायलेकांत जेवणापुरतेंच आहे. अखेरीस आजीबाईंनीं आम्हांस निरोप धाडला, "मास्तर, पोथ्याहि वाचतां आणि वर्तमानपत्रेंहि वाचतां, काय तें तुम्हींच सांगा."

पोथ्यांपासूनच आरंभ करूं. एकाचा अवयव दुसऱ्यास लावण्याची कल्पना आपणांस नवी नाहीं. प्रत्येक मंगलकार्याच्या आरंभीं आपण ज्या देवतेचें पूजन करतों, तिचें मस्तक मूळचें दुसऱ्याचें आहे. दधीचि ऋषींनीं देहत्याग करून आपल्या अस्थि देवांस दिल्या व त्यांचें वज्र झालें, ही कथा तर मुलांनाहि ठाऊक आहे. तींतील एक गोष्ट मात्र आपण विसरतों. अस्थि दधीचींच्या असल्या तरी त्यांस वज्राचें रूप देण्यास त्वष्ट्याचें कसब लागलें. दान थोर असून भागत नाहीं. घेणाऱ्याच्या कामाजोगी त्याची घडण व्हावी लागते. आमच्या मतें या प्रश्नाचें निम्में उत्तर येथेंच आहे.

उरलेलें निम्में उत्तर पाहण्यास फार दूर जावयास नको. नगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, गेलें तरी पुरे. तेथें आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल ही रणगाडादलाची शिक्षणसंस्था आहे, आणि १९९४ सालीं स्थापन झालेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. मुलांना घेऊन तेथें जाणारे वडील तोफा दाखवितात. आम्ही एंजिनांचा वंशवृक्ष दाखवावा असें सुचवितों. तेथील रोल्स रॉइस चिलखती गाडी ही श्रीमंतांच्या 'सिल्व्हर घोस्ट' मोटारीच्या सांगाड्यावर उभी राहिलेली. 'माटिल्डा' नांवाच्या रणगाड्यांत दोन डिझेल एंजिनें असत, तीं मूळ उतारूंच्या बसगाड्यांसाठीं बनविलेल्या जातीचीं. आणि 'सेंचुरियन' या रणगाड्याची कथा तर आमच्या नातवाच्या हट्टाशीं जवळजवळ तंतोतंत जुळते.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं ब्रिटिश रणगाड्यांची एंजिनें दुबळीं होतीं. 'क्रूसेडर' रणगाड्यांत बसविलेलें 'लिबर्टी' हें एंजिन तर मूळचें १९१७ सालचें, अमेरिकन विमानांसाठीं योजिलेलें. तेव्हां १९४१ सालीं रोल्स रॉइस कंपनीच्या डब्ल्यू. ए. रोबोथॅम यांच्या तुकडीनें, 'स्पिटफायर' व 'हरिकेन' या लढाऊ विमानांत असणारें 'मर्लिन' एंजिन रणगाड्यांत घालून पाहण्याचें ठरविलें. आकाशांतील लढाऊ विमान ही त्या काळची सर्वांत वेगवान स्पोर्ट्स मोटारच म्हणावयाची. बारा नळकांड्यांचें, सत्तावीस लिटरांचें हें एंजिन क्रूसेडरांत बसवितांच रणगाडा असा पळाला कीं, पाहणारे थक्क झाले. या नव्या अवताराचें नांव 'मीटिऑर'. याहून लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, आरंभीच्या मीटिऑर एंजिनांत अपघातांत पडलेल्या विमानांतून काढलेले, अथवा विमानाच्या कडक कसोटीस न उतरलेले, भाग वापरले जात. जें आकाशांत नापास झालें, तें जमिनीवर उत्तम चाललें. १९४३ सालापासून हीं एंजिनें रोव्हर कंपनी बनवूं लागली, आणि 'क्रॉमवेल', 'कॉमेट' व पुढें 'सेंचुरियन' हे रणगाडे त्यांच्या बळावर चालले.

येथपर्यंत ऐकून आमचा नातू टाळ्या पिटील. परंतु त्यानें पुढचेंहि ऐकावें. रोबोथॅमच्या कारागिरांनीं मर्लिन जसेंच्या तसें रणगाड्यांत कोंबलें नाहीं. विमानांतील मर्लिनची शक्ति हजार अश्वशक्तीच्या घरांत होती. तिच्यासाठीं लागणारा हवा दाबून भरणारा पंखा त्यांनीं काढून टाकला, आणि शक्ति सहाशेंच्या आसपास आणली. रणगाड्याच्या गिअरपेटीशीं जुळावें म्हणून एंजिनाच्या फिरण्याची दिशा उलटी केली. घडीव दट्ट्यांच्या जागीं साधे ओतीव दट्टे चालले, कारण ताण कमी झाला होता. उंची विमानी पेट्रोलाऐवजीं हलक्या प्रतीचें पेट्रोल पुरूं लागलें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, जुन्या क्रूसेडरलाच तें कायमचें जुंपून न ठेवतां, त्या एंजिनाचें बळ सोसतील असे नवे रणगाडे बांधले. दात्याला सौम्य केलें आणि घेणाऱ्याला सशक्त केलें, म्हणून तें दान फळलें.

या एंजिनाची आपल्या देशाशीं गांठ पडली ती रणांगणावर. १९६५ सालच्या सप्टेंबरांत पंजाबांतील खेमकरणजवळ असल उत्तर येथें आपल्या ३ कॅव्हलरीचे सेंचुरियन रणगाडे पाकिस्तानच्या 'पॅटन' रणगाड्यांपुढें उभे राहिले आणि शत्रूच्या रणगाड्यांचें तेथें मसण झालें. पुढें १९७१ सालीं बसंतरच्या लढाईंत, पुण्यास जन्मलेले पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे ज्या 'फॅमागुस्टा' नांवाच्या सेंचुरियनांत वयाच्या एकविसाव्या वर्षीं धारातीर्थीं पडले व परमवीरचक्राचे मानकरी झाले, तो रणगाडा आज नगरच्या त्याच शिक्षणसंस्थेंत जपून ठेवला आहे. सेंचुरियनच्या पोटांत मीटिऑरच असे, हें ठाऊक असलें म्हणजे त्या लोखंडाकडे पाहण्याची दृष्टि पालटते.

खेमकरणचें नांव राळेगणसिद्धीस परकें नाहीं. या गांवचे अण्णा हजारे १९६० सालीं सैन्यांत दाखल झाले व मोटारचालक म्हणून काम करूं लागले. १९६५ सालीं खेमकरणच्या आघाडीवर त्यांच्या गाडीवर मारा झाला. सोबती गेले, ते वांचले. वांचलेलें आयुष्य परक्याच्या कामीं लावावें हा विचार त्यांच्या मनांत तेथून दृढ झाला. १९७५ सालीं ते गांवीं परतले. पदरच्या पैशानें यादवबाबांच्या देवळाचा जीर्णोद्धार, दारूबंदी, आणि डोंगरउतारावर पडणारें थोडकें पाणी अडवून जिरविणें, हा क्रम सर्वश्रुत आहे. पुढील काळांतील त्यांच्या चळवळींविषयीं वाचकांत मतभेद असतील; परंतु मोडल्या प्रसंगांतून उरलेली शक्ति दुसऱ्या कामास जुंपतां येते, हें पारनेर तालुक्यांत कोणास शिकवावयास नको. तिकडेहि लष्करी गाडी हांकणाऱ्यानें गांवीं येऊन गाडी पळविली नाहीं. त्यानें धांवतें पाणी चालतें केलें आणि चालतें पाणी थांबविलें. शक्ति तीच, पण तिची चाल गांवाच्या गरजेप्रमाणें बदलली.

उलट उदाहरणहि सांगितलें पाहिजे. इंग्लंडांत जे. जी. पॅरी-टॉमस या हुशार यंत्रज्ञानें सत्तावीस लिटरांचें लिबर्टी विमानी एंजिन बसविलेली 'बॅब्स' नांवाची मोटार वेगाचा विक्रम करण्यास सज्ज केली. वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवर ३ मार्च १९२७ रोजीं तो तिच्यासह उलटला व जागींच मरण पावला. अपघाताच्या कारणाविषयीं वाद आहे, परंतु शक्ति व सांगाडा यांची ओढाताण किती भयंकर होते हें निर्विवाद आहे. ती मोटार लोकांनीं वाळूंतच पुरली. १९६९ सालीं ती उकरून काढून पुन्हां चालती करण्यांत आली. चालविणारा मात्र परत आला नाहीं.

आतां आमच्या नातवाच्या जीपेकडे वळूं. स्पोर्ट्स मोटारीचें एंजिन आपलें खरें बळ मिनिटास सहा-सात हजार फेऱ्यांवर दाखवितें. जुन्या जीपेस हवी असते ती मंद फेऱ्यांवरची ओढ. चिखलांतून, चढावरून, शेतमालासह रेटणारी. शर्यतीचा घोडा नांगरास जुंपला तर घोडाहि दुःखी आणि शेतहि. शिवाय नुसतें एंजिन आणून चालत नाहीं. आजचें एंजिन म्हणजे लोखंडाचा ठोकळा नव्हे. त्याचा संगणकी मेंदू, तारांचें जाळें, किल्लीची गुप्त खूण, इंधनाचा पंप, हवेचे मापक, हें सगळें बरोबर यावें लागतें. म्हणूनच जाणते कारागीर सुटें एंजिन न घेतां सबंध मोडकी गाडी घेतात. तिला ते दाती गाडी म्हणतात. मग गिअरपेटी जुळली पाहिजे, एंजिन टेकण्याचे आधार नव्यानें घडविले पाहिजेत, पाणी निववणारें यंत्र मोठें हवें आणि मागील चाकांकडे जाणारा दांडा योग्य कोनांत बसला पाहिजे.

अपघातग्रस्त एंजिनाची पारखहि सोपी नसते. गाडी उलटली असेल तर तेल नळकांड्यांत शिरतें, आणि तशींच किल्ली फिरविली तर दट्ट्यांचे जोडदांडे वांकतात. तेलाची टांकी फुटल्यावर एंजिन क्षणभर जरी कोरडें फिरलें असेल, तरी आंतील धारवे खाल्ले जातात. तेलांत धातूची चकचकीत भुकटी दिसते का, प्रत्येक नळकांड्यांतील दाब सारखा आहे का, कवचास बारीक तडा गेला आहे का, हें पाहिल्याविना पैसा मोजूं नये. पुरांत बुडालेली गाडी तर स्वस्त मिळाली तरी महाग समजावी.

सर्वांत मोठी गोष्ट थांबण्याची. वेग दुप्पट झाला कीं गाडी थांबविण्यास लागणारें काम चौपट होतें. हें शाळेंतल्या गणिताचें आहे. जी जीप ताशीं चाळीस-पन्नास किलोमीटरांनीं जाण्यासाठीं बांधली, तिला शंभरांचें एंजिन दिलें आणि ब्रेक जुनेच ठेवले, तर ती धांवेल खरी, पण थांबणार कोठें? येथें आम्हांस त्या माउलीचे शब्द आठवतात. तिनें अपशकुनाची भाषा वापरली. परंतु तिच्या मनांत जी भीति होती, तिला यंत्रशास्त्राचा पाठिंबा आहे. घरांतील बायकांचें बोलणें शकुनाच्या भाषेंत असलें म्हणून तें हंसण्यावारीं नेऊं नये. पुष्कळदां त्याच्या पोटांत शहाणपण असतें.

कायद्याचें म्हणणेंहि ऐकावें. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या ५२व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपुस्तकांतील तपशील निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलांहून निराळे होतील असा बदल मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मध्यें ही गोष्ट स्पष्ट केली आहे. इंधनाची जात बदलण्यासाठीं मान्य साहित्य बसविणें, ही निराळी बाब आहे. तिला कायद्यांत वाट ठेवलेली आहे. परंतु जीपेंत परक्या जातीचें दांडगें एंजिन बसवून ती राजरस्त्यावर आणणें कायद्याच्या बाहेरचें होय, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करील. त्याच जातीचें एंजिन बदलावयाचें असेल, तर परिवहन कार्यालयाची परवानगी घेऊन नवा क्रमांक नोंदवून घ्यावा. नष्ट झालेल्या गाडीची खबर मालकानें चौदा दिवसांत द्यावी, असा ५५व्या कलमाचा दंडक आहे. म्हणून मोडकी गाडी घेतांना तिचीं कागदपत्रें पाहावींत. चुराडा झालेल्या गाडीचा क्रमांक चोरीच्या गाडीवर चढविण्याचे धंदे चालतात. भंगार स्वस्त घेतां घेतां पोलिसांची पायरी चढण्याची पाळी येऊं नये.

थोरल्या चिरंजीवांचा एक प्रश्न उरतो. एंजिन बदललें तर ती आजोबांची गाडी उरली का? मिलिंद राजास नागसेनानें रथाविषयीं असाच पेंच घातला होता कीं, चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कोठें आहे? परिवहन कार्यालय नागसेनाइतकें खोल जात नाहीं. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक जेथें, तेथें गाडी, असा त्याचा साधा निवाडा आहे. आम्हांस तोच मान्य आहे. सांगाडा आजोबांचा असेल तर गाडी आजोबांची.

आणि माउलीचा प्रश्न. ज्या गाडींत कोणी गेलें, तिचा भाग अशुभ काय? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९६८ सालीं डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं मृत माणसाचें हृदय दुसऱ्याच्या छातींत बसविण्याचा भारतांतील पहिला प्रयत्न केला. रोगी वांचला नाहीं. परंतु १९९४ सालीं दिल्लीस डॉ. वेणुगोपाल यांच्या हातीं तो प्रयत्न यशस्वी झाला. आज अशा दात्याच्या आईवडिलांपुढें आपण हात जोडतों. त्या हृदयास अशुभ म्हणत नाहीं. मग लोखंडास तरी कां म्हणावें? त्या मुलाच्या घरच्यांच्या दुःखाचा मान राखावा, त्या एंजिनाची फुशारकी मारूं नये, इतकें पुरे.

तेव्हां आमचा कौल असा. जीप भंगारांत देऊं नये. तिच्यासाठीं तिच्याच जातीच्या मोडक्या जीपेचें एंजिन शोधावें, परवानगी घ्यावी, आणि त्याच वेळीं ब्रेक व सुकाणू नवे करावे. खर्च तिघा भावांनीं सारखा वांटून घ्यावा, कारण स्मृति तिघांची आहे. स्पोर्ट्स मोटारीचें एंजिन नातवास खरोखरच शिकण्यासाठीं हवें असेल, आणि कागद स्वच्छ असतील, तर तें लोखंडी घोडीवर बसवून पडवींत उघडावें, जोडावें, पुन्हां उघडावें. यंत्रविद्येच्या मुलास त्याहून चांगली पाठशाळा नाहीं. रस्त्यावर मात्र तें येऊं नये.

हा कौल आम्हीं आजीबाईंस कळविला आहे. नातवाचें तोंड कांहीं दिवस उतरलेलें राहील. परंतु जीप चालूं लागली कीं पहिली फेरी त्यानें आईस शेजारीं बसवून राळेगणसिद्धीच्या यादवबाबांच्या देवळापर्यंत मारावी, आणि बेताबेतानें मारावी. ज्या वाचकांच्या घरीं अशा जुन्या गाड्या उभ्या आहेत, त्यांनीं आपले अनुभव आम्हांस अवश्य कळवावेत.